कागदावरचा आकडा आणि दंडावरचा पट्टा



गेल्या महिन्यात रविवारी विहारातली बैठक संपली आणि एक आजी आमच्यापाशी येऊन बसल्या. हातात लॅबचा घडी घातलेला कागद होता. म्हणाल्या, "सिस्टर, सुनेला जुळं आहे. नववा लागलाय. युरिक ॲसिड वाढलंय म्हणतात. मी डाळ बंद केली, अंडं बंद केलं, सुकट तर घरातच आणत नाही. आता अजून काय बंद करू?"

आम्ही कागद उघडला. आकडा 6.4. शेजारी छापलेली मर्यादा 2.4 ते 6.0, आणि आकड्यापुढे 'जास्त' असल्याची ठळक खूण. विचारले, "सुनेचं बीपी किती आहे?" आजी म्हणाल्या, "ते नाही बघितलं. लॅबचा पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. पॅकेज होतं." "लघवी तपासली?" "नाही." "मग तीन आठवडे ती खाते काय?" आजींनी सांगितले, "भात, भाकरी, पालेभाजी. पाणी भरपूर पाजते."

संध्याकाळी आम्ही घरी गेलो. सुनेला पाच मिनिटे शांत बसवले, दंडाला पट्टा बांधला. बीपी 118/76. लघवीच्या पट्टीवर प्रथिने नाहीत. डोके दुखत नव्हते, डोळ्यांपुढे काही चमकत नव्हते, दोन्ही बाळांची हालचाल चांगली होती. पण कार्डावरचे वजन पाहिले तर तीन आठवड्यांत एक किलोही वाढलेले नव्हते. दोन बाळे पोटात वाढवणाऱ्या बाईचे ताट, एका आकड्याला घाबरून, प्रेमापोटी रिकामे केले गेले होते.

आजींवर आमचा राग नाही. कागदावर ठळक खूण आली की कोणाच्याही पोटात गोळा येतो. आमच्यातल्या काही जणींनी वर्षानुवर्षे बाळंतपणाच्या वॉर्डात ड्युटी केली आहे, आता बस्तीत फिरतो. ती खूण पाहून घाबरलेली घरे आम्हाला नेहमी भेटतात. म्हणून या वेळी आरोग्य पानावर हा एकच विषय घेतला आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. जुळ्या गर्भारपणात युरिक ॲसिडचा एकटा आकडा पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. आधी दंडाला पट्टा, मग लघवीची पट्टी, मग कागद. आणि त्या आकड्यापायी गरोदर बाईचे जेवण तोडणे हा तिच्यावर आणि दोन्ही लेकरांवर अन्याय आहे.

युरिक ॲसिड येते कुठून?

आपल्या शरीरातल्या पेशी रोज झिजतात, नव्या तयार होतात. जुन्या पेशी मोडताना त्यातून प्युरीन नावाचे द्रव्य सुटते. थोडे प्युरीन अन्नातूनही येते. या प्युरीनचा शेवटचा कचरा म्हणजे युरिक ॲसिड. त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग किडनी लघवीवाटे बाहेर काढते, उरलेला आतड्यांतून जातो. म्हणजे रक्तातला हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: कचरा किती तयार होतो आणि किडनी तो किती बाहेर टाकते.

गर्भ राहिला की बाईच्या अंगातले रक्त वाढते आणि किडनी जोरात काम करू लागते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत युरिक ॲसिड पहिल्यापेक्षा पाव ते एक तृतीयांश कमी होते. पुढे सातव्या महिन्यानंतर ते हळूहळू चढते आणि बाळंतपणाच्या सुमारास जवळपास गर्भारपणाआधीच्या पातळीवर येते. एकच बाळ असलेल्या निरोगी गर्भारपणात पहिल्या तिमाहीत साधारण 2 ते 4.2, दुसऱ्या तिमाहीत 2.4 ते 4.9 आणि तिसऱ्या तिमाहीत 3.1 ते 6.3 मिलिग्रॅम असा आकडा धरला जातो.

आता जुळ्यांचे पाहू. दोन बाळे, वारेचा पसारा मोठा, पेशींची घडामोड जास्त. दोन जिवांचा कचरा आईच्याच रक्तात येतो आणि तिच्याच किडनीला तो उपसावा लागतो. त्यामुळे शेवटच्या तिमाहीत जुळ्यांच्या आईचा आकडा एका बाळाच्या आईपेक्षा थोडा वर असतो, तिची तब्येत ठणठणीत असली तरीही. नवव्या महिन्यात जुळ्यांच्या आईचा 6.4 आकडा, बीपी आणि लघवी चांगली असताना, एकट्याने आजार ठरत नाही.

पण लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या बाईची असते. यंत्राला ठाऊक नसते की रक्त कोणत्या महिन्यातल्या बाईचे आहे आणि पोटात एक आहे की दोन. एवढ्या एका गोष्टीमुळे दोन उलट्या चुका होतात. पहिली आजींच्या घरी झाली. दुसरी आमच्या हातून झाली आहे, तीही सांगायला हवी.

आमची चूक

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वीस वर्षांची मुलगी, पहिलेच गर्भारपण, जुळे. तीन घरची धुणीभांडी करायची. सहावा महिना संपत आला होता, 26 आठवडे. खासगी लॅबमधून रक्त तपासून आणले होते. युरिक ॲसिड 4.9. कागदावर 'जास्त'ची खूण नाही, कारण छापील मर्यादा 6 पर्यंत होती. तिने कागद आमच्यापुढे धरला. आम्ही वरून खाली नजर फिरवली आणि म्हणालो, "सगळं नॉर्मल आहे गं, काळजी करू नको."

आमच्या पिशवीत बीपीचे यंत्र होते. पण पुढच्या गल्लीत लसीकरण होते आणि उशीर झाला होता. यंत्र पिशवीतच राहिले.

तीन आठवड्यांनी तिचे डोके दुखू लागले. घरच्यांना वाटले, उन्हातून येते, कामाचा ताण आहे. बाम लावला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात म्हणाली. रात्री दोनला तिला झटका आला. शेजारची एक बाई म्हणाली, बाहेरचे काहीतरी आहे. पण तिच्या नवऱ्याने कोणाचे ऐकले नाही, 108 ला फोन लावला. सरकारी रुग्णालयात पोहोचली तेव्हा बीपी 170 च्या वर. मॅग्नेशियम सल्फेट दिले, बीपी उतरवले आणि सिझर केले. एक बाळ 1150 ग्रॅम, दुसरे 950 ग्रॅम. धाकटे अकराव्या दिवशी गेले. थोरला आज अंगणवाडीत जातो. आई जगली, कारण तिच्या नवऱ्याने वेळ दवडला नाही.

त्या दिवशी पट्टा बांधला असता तर बीपी किती निघाले असते, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण एवढे नक्की, सहाव्या महिन्यात युरिक ॲसिड खाली असायला हवे. त्या महिन्यातला 4.9 हा नवव्या महिन्यातल्या 6 पेक्षा जास्त विचार करायला लावणारा आकडा आहे. आम्हाला नर्सिंगमध्ये हे शिकवले होते. आम्ही छापील मर्यादेवर भरवसा ठेवला आणि समोर बसलेल्या मुलीला तपासले नाही. ही चूक लपवून बस्तीला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिली.

मग हा आकडा कशाला पाहायचा?

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याहून वर गेले, चार तासांच्या अंतराने पुन्हा तसेच निघाले आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा किडनी, लिव्हर, रक्तातल्या प्लेटलेट यांवर परिणाम दिसला, तर त्याला प्री-एक्लॅम्प्शिया म्हणतात. वरचे बीपी 160 किंवा खालचे 110 झाले की ती तातडीची वेळ. याच आजारात झटके आले की त्याला एक्लॅम्प्शिया म्हणतात. एका बाळापेक्षा जुळ्यांच्या आईला हा आजार होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो.

या आजाराचे मूळ वारेत आहे. वार गर्भाशयात नीट रुजत नाही, तिला रक्त कमी पडते, आणि तिच्यातून निघणारी द्रव्ये आईच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. किडनीच्या बारीक नळ्यांवरही त्याचा ताण येतो. मग किडनी युरिक ॲसिड पुरेसे बाहेर टाकत नाही आणि ते रक्तात साठते. म्हणून बीपी वाढलेल्या बाईचा आकडा झपाट्याने चढत असेल, तर डॉक्टर तो गांभीर्याने घेतात. आजार किती जोरात आहे, बाळांची वाढ खुंटते आहे का, याचा अंदाज बांधायला तो मदत करतो.

पण निदानाच्या निकषांत युरिक ॲसिड नाही. ते चांगले आहे म्हणून प्री-एक्लॅम्प्शिया नाही असे म्हणता येत नाही, आणि ते वाढले म्हणून प्री-एक्लॅम्प्शिया आहे असेही नाही. उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले, उपास घडला, तरी ते वाढते. आधीचा किडनीचा आजार असेल तरी वाढते. गर्भारपणात दिली जाणारी कमी मात्रेची ॲस्पिरिनही युरिक ॲसिड थोडे रोखून धरू शकते. म्हणून एका आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, शक्यतो एकाच लॅबमध्ये केलेल्या तपासण्या शेजारी ठेवल्या तर त्यातून काही कळते.

जुळ्यांच्या बाबतीत आणखी एक आजार लक्षात ठेवा. शेवटच्या तिमाहीत लिव्हरमध्ये अचानक चरबी साठते. हा आजार विरळा आहे, पण जुळ्यांत जास्त आढळतो. त्यातही युरिक ॲसिड चढते. थांबत नाहीत अशा उलट्या, खूप तहान, गळून गेल्यासारखे वाटणे, डोळे पिवळे होणे ही त्याची लक्षणे. "आता बाळंतपण जवळ आलं, उलट्या होतातच" असे म्हणून घरी बसू नये. आठव्या-नवव्या महिन्यात नव्याने सुरू झालेल्या उलट्या त्याच दिवशी दवाखान्यात दाखवाव्यात.

ताटाला हात लावू नका

युरिक ॲसिड म्हटले की लोकांना गाऊट आठवतो, म्हणजे अंगठ्याचा सांधा सुजून ठणकतो तो आजार. आजोबांना गाऊट झाला तेव्हा डॉक्टरांनी पथ्य सांगितले होते, तेच पथ्य घरात पाठ असते. मग तेच सुनेला लावले जाते. इथेच गफलत होते. गर्भारपणातला आकडा मुख्यतः किडनी कचरा कसा बाहेर टाकते यावर हलतो. डाळ बंद केल्याने प्री-एक्लॅम्प्शिया टळत नाही. टळते ते बाळांचे वजन वाढणे.

आपल्या घरांत प्रथिने येतात ती तूर, मसूर, मटकी, हरभरा, अंडी, कोंबडी आणि मासळीतून. अंडे आणि दूध यांत प्युरीन फारच थोडे असते. डाळी आणि उसळींनी युरिक ॲसिड मटणासारखे वाढत नाही. मटण, सुकट, बोंबील यांत प्युरीन जास्त असते हे खरे, पण गरोदर बाईने आठवड्यातून एकदोनदा ते खाल्ले म्हणून बिघडत नाही. कलेजी मात्र गर्भारपणात क्वचितच आणि थोडीच खावी. त्याचे कारण वेगळे आहे, तिच्यात 'अ' जीवनसत्त्व फार जास्त असते. खरोखर कमी करायचे असेल तर बाटलीतले थंडपेय, पाकिटातले गोड ज्यूस आणि साखरेचे पाणी कमी करा. त्या गोडीनेही युरिक ॲसिड वाढते आणि अंगाला लागत काहीच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक. अशा देशात गरोदर बाईच्या ताटातून डाळ-अंडे काढण्याचा सल्ला कोणी सहज देत असेल, तर त्याला आपण प्रश्न विचारलाच पाहिजे. मीठ बंद करणे, पाणी मोजून देणे हेही तसेच. त्याने हा आजार थांबत नाही.

औषधांबाबतही सावध राहा. घरात कोणाला गाऊटसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅटची गोळी सुरू असेल, तर "तुझंही युरिक ॲसिड वाढलंय, अर्धी घे" असे गरोदर बाईला कधीही म्हणू नये. आम्ही हे ऐकलेले आहे, म्हणून लिहितो.

ज्या गोळ्यांचा खरा फायदा आहे त्या वेगळ्याच आहेत, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून. कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची गोळी चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असते त्यांच्यात कॅल्शियमने प्री-एक्लॅम्प्शियाचा धोका कमी होतो. या दोन गोळ्या एका वेळी घेऊ नयेत, मध्ये काही तास जाऊ द्यावेत, नाहीतर लोह अंगी लागत नाही. आणि जुळे आहे असे सोनोग्राफीत कळताच डॉक्टरांना विचारावे, "मला कमी मात्रेची ॲस्पिरिन लागेल का?" ती साधारण बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. मनाने मात्र घेऊ नये.

दवाखान्यात काय मागायचे

विनवणी करत बसू नका, हक्काने मागा.

1. प्रत्येक भेटीत बीपी. बसवून, पाठीला टेका देऊन, पाच मिनिटे विश्रांतीनंतर. पट्ट्याचा हात छातीच्या उंचीवर टेकलेला हवा. आकडा तोंडी नको, माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.

2. प्रत्येक भेटीत लघवीची पट्टी आणि वजन. पट्टी संपली आहे असे उत्तर आले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, आणि आशाताई किंवा मेडिकल ऑफिसरच्या कानावर घाला.

3. पहिली सोनोग्राफी 11 ते 14 आठवड्यांत. त्यात विचारा, "वार एक आहे की दोन?" हा प्रश्न याच वेळी नीट सुटतो. दोन वारा असतील तर साधारण चार आठवड्यांनी सोनोग्राफी. एकच वार दोघांत असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, कारण एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळण्याचा धोका असतो.

4. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी. जुळे म्हणजे जोखमीचे गर्भारपण. कार्डावर लाल स्टिकर लागला आहे का, पाहा.

5. बाळंतपण कुठे होणार, तिथे रक्त आणि लहान बाळांचा विशेष कक्ष आहे का, रात्री कशाने जायचे, हे सातव्या महिन्यातच ठरवा. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि गाडी मोफत आहे. गाडीसाठी 102, तातडीला 108.

आणि युरिक ॲसिडचा कागद हाती आलाच, तर एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर, माझ्या महिन्याला, जुळ्याला आणि माझ्या बीपीला धरून हा आकडा कसा आहे?"

यातले कोणतेही लक्षण दिसले तर कागदाची वाट न पाहता निघा: बामाने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज, लघवी कमी होणे, धाप, अंगावरून रक्त जाणे, बाळांची हालचाल मंदावणे. बाळंतपण झाले म्हणजे सुटलो असेही नाही. हा आजार बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत डोके वर काढू शकतो, बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात. बाळंतिणीचे डोके दुखले तर तिचे बीपी घ्या.

वेळेत पोहोचले तर उपचार आहेत. मॅग्नेशियम सल्फेटने झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 33 देशांतल्या 10 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीने 2002 साली दाखवून दिले. आपल्याकडच्या बायकांची वजने कमी असतात हे ध्यानात घेऊन याच औषधाची कमी मात्रेची एक पद्धत आपल्या महाराष्ट्रातच वापरात आली. औषध महाग नाही, दुर्मिळही नाही. महाग पडतो तो उशीर.

हे कोणाचे काम?

कोणी म्हणेल, बाईने स्वतःची काळजी घ्यावी. घ्यावीच. पण तीन घरची भांडी घासून, नळावर रांग लावून, सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात चार तास उभी राहणारी गरोदर मुलगी एकटी किती काळजी घेणार? सुट्टी घेतली तर पगार कापला जातो. लॅबचा मुलगा संध्याकाळी दारात येतो, म्हणून पैसे देऊन रक्त काढले जाते. बीपीची फुकट तपासणी सकाळी दूर असते, म्हणून राहून जाते. यात दोष तिचा नाही.

1928 साली मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हीच बाजू मांडली होती. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षे झाली. आज नोकरदार बाईला 26 आठवड्यांची रजा कायद्याने आहे, पण आपल्या बस्तीतल्या घरकामगार, कचरावेचक, नाक्यावरच्या मजूर बाईपर्यंत ती पोहोचलेली नाही. ही लढाई मोठी आहे आणि ती लढायचीच आहे. पण तोवर एक छोटे काम आपल्या हातात आहे.

दीड-दोन हजारांत बीपीचे चांगले डिजिटल यंत्र मिळते. प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने एक यंत्र घ्यावे. आधी आरोग्य केंद्रातल्या यंत्राशी ते जुळवून पाहावे, कारण काही डिजिटल यंत्रे गरोदर बाईचे बीपी कमी दाखवतात. मोठ्या दंडासाठी मोठा पट्टा घ्यावा. दोघी-तिघींनी ते नीट वापरायला शिकावे. रविवारी विहारात येणाऱ्या प्रत्येक गरोदर आणि बाळंत बाईचे बीपी वहीत लिहावे. 140/90 निघाले तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेणारी जोडीदार ठरलेली असावी. बाई विहारात येऊ शकत नसेल तर यंत्र तिच्या घरी जावे. आम्ही आमच्या विहारात हे सुरू केले आहे. शिकवायला बोलावलेत तर येऊ.

त्या आजींच्या सुनेला आम्ही दर तीन दिवसांनी पाहत राहिलो. डाळ, अंडे, सुकट सगळे ताटात परत आले. बीपी एकदाही 130 च्या वर गेले नाही. मागच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात ती बाळंत झाली. दोन्ही मुली, एक 2 किलो 200, दुसरी 2 किलो. आजींनी तो लॅबचा कागद अजून जपून ठेवला आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या आता सुनेचे बीपी लिहून घेतात. सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत लिहायचे, असे आम्ही त्यांना सांगितले आहे.